चौथा खिळा

आमच्या दुकानात फोटोची फ्रेम बंद करायची एक पद्धत होती आणि बाबांनी ती शेवटपर्यंत मोडली नाही. आधी काच पुसायची, मग फोटो, मग मागून पुठ्ठा, मग बारीक खिळे. तीन बाजूंना तीन खिळे ठोकले की बाबा थांबायचे. फ्रेम सुलटी करून गिऱ्हाइकासमोर धरायचे आणि विचारायचे, "हेच ना?" गिऱ्हाइकाने बघून "हाव, हेच" म्हटलं की चौथा खिळा. मग आई मागच्या बाजूला खळ लावून खाकी कागद चिकटवायची. लग्नाच्या फोटोला हेच, देवाच्या तसबिरीला हेच, पण खरी गरज गेलेल्या माणसांच्या फोटोंना. फार पूर्वी एकदा दोन म्हाताऱ्यांच्या फोटोंची अदलाबदल झाली होती. दोघांच्या डोक्यावर पांढरी टोपी, दोघांना मिशा. एका घरच्यांनी दोन दिवस भलत्याच माणसाला हार घातला, उदबत्ती लावली, आणि तिसऱ्या दिवशी एका नातवाने विचारलं की हा कोण. तेव्हापासून ही पद्धत.

लोक घाईत असायचे. दिग्रसच्या स्टँडवर पुसदची गाडी लागलेली असायची, तरी बाबा खिळा बोटांत धरून उभे. "तोंड पाह्य आधी," म्हणायचे, "गाडी दुसरी येते."

मला हे अति वाटायचं. माझा स्वभाव घाईचा, आणि वर तोंडाने फटकळ. "बाबा, माणूस काय आपल्या सासऱ्याला ओळखणार नाही?" मी म्हणायचो. बाबा शांतपणे म्हणायचे, "ओळखते. पन पाहत नाई." हे वाक्य पुढे माझ्यावरच येऊन बसेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी बाबांना यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. आईने त्यांच्या पिशवीत टॉवेल, चष्मा आणि लिंबाचं लोणचं घातलं. तिला गाडीत बसू दिलं नाही. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिली. नवव्या दिवशी फोन आला. मी एकटाच गेलो.

तिथल्या माणसाने अंगभर प्लास्टिकचे कपडे घातले होते, त्याचे फक्त डोळे दिसत होते. दमलेला होता बिचारा. त्याने ढकलगाडीवरच्या लांब पिशवीची चेन वीतभर खाली ओढली आणि म्हणाला, "पाहून घ्या. हेच ना?"

नेमके तेच शब्द. मला पुढे होऊन खाली बघायचं होतं, एवढंच काम होतं. त्या खोलीला एका बाजूने काचेची खिडकी होती आणि मी त्या काचेकडे बघत राहिलो. चार एमएमची काच होती. पुट्टी सुटलेली, खालच्या कोपऱ्यात तडा. बाहेर आभाळ भरून आलं होतं, म्हणून खोलीतलं सगळं त्या काचेत पुसट उमटलं होतं. तो माणूस, ढकलगाडी, गाडीवर पांढुरकं काहीतरी. कोण होतं ते त्या काचेत कळत नव्हतं.

"हाव, हेच," मी म्हटलं. चेन वर गेली. मी सही केली. पुढचं सगळं त्यांनीच केलं, मी लांब उभा राहून धूर पाहिला.

घरी येऊन आईला सांगितलं की तोंड पाहिलं, शांत होतं, झोपल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी लोक जे जे म्हणतात ते सगळं मी म्हटलं.

तेरवीला भिंतीवर फोटो पाहिजे म्हणून मीच बाबांची फ्रेम बनवायला घेतली. सागाची पट्टी निवडली. तीन खिळे ठोकले आणि सवयीने फ्रेम सुलटी करून आईसमोर धरली. "हेच ना?"

आई फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले काय मालूम."

"म्हणजे?"

"फोटो त्याइचाच आहे. पन तू म्हनतं ते मेले. मी तोंड नाई पाह्यलं. मी कशी हाव म्हनू?"

तिने म्हटलं नाही आणि मी चौथा खिळा ठोकला नाही. फ्रेम दुकानातल्या मांडणीवर भिंतीकडे तोंड करून ठेवली, ती तशीच राहिली. आईचं कुंकूही तसंच राहिलं. बायका आल्या, समजावून गेल्या. मामा येऊन रागावून गेले. आई प्रत्येकाला एकच सांगायची, "ज्यानं पाह्यलं त्यानं बोलाव." मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी पुन्हा सांगायचो, शांत होतं, झोपल्यासारखं. खोटं बोलणं पहिल्यांदा जड जातं, मग ते आपोआप तोंडातून येतं. दुपारी जेवायला बसण्याआधी आई रस्त्यापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंना बघून यायची. मी हात धुऊन ताटावर बसलेला असायचो, ती येईपर्यंत पहिला घास हातातच.

फ्रेमचा धंदा तसाही मंदावला होता. लोक आता गेलेल्यांना मोबाइलमध्येच ठेवतात. अशात यवतमाळच्या एका दुर्गा मंडळाची माणसं दुकानात आली. यवतमाळचं नवरात्र म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. त्यांना मंडपात हवेत उभी राहिलेली देवी पाहिजे होती. मागून भिंत नाही, पडदा नाही, नुसती हवा आणि त्यात देवी. त्यांनी मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "तुमचं काचेचं काम आहे, जमेल का?" मी हो म्हटलं. हो म्हणायची घाई मला आधीपासूनच.

करायला बसलो तेव्हा कळलं की ही युक्ती फार जुनी आणि फार सोपी आहे. मोठा टीव्ही जमिनीवर उताणा निजवायचा. त्याच्यावर काच तिरपी उभी करायची, नेमकी पंचेचाळीस अंशांत, वरची कड बघणाऱ्याकडे झुकलेली. मागे काळं कापड. टीव्हीवर काळ्याभोर पार्श्वभूमीवर देवी. पुढून झालर लावून टीव्ही झाकायचा. टीव्हीवरचं चित्र काचेत उमटतं, पण डोळ्याला काच दिसतच नाही. त्याला वाटतं की चित्र काचेच्या मागे, हवेत उभं आहे. शिवाय काचेमागे खरी समई ठेवली, की देवी समईच्या पलीकडे आहे की अलीकडे हे डोळा शोधत बसतो आणि चित्राला जाडी येते, खोली येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. काच जाड असली की एकामागे एक दोन चित्रं दिसतात, एक ठळक आणि एक फिकं, कारण काचेला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजू आपापलं प्रतिबिंब देतात. म्हणून मिळेल तितकी पातळ काच घ्यायची.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली. काचेत उजव्याचं डावं होतं हे मी जन्मभर आरसे विकूनही विसरलो. त्रिशूळ गेला डाव्या हातात. मंडळाचे अध्यक्ष लाल झाले. "काय हो भाऊ, देवी डावखुरी केली काय?" भर गर्दीत मी घामाघूम होऊन चित्र उलटं केलं. तेव्हापासून कोणताही व्हिडिओ आला की मी आधी तो डावा-उजवा उलटा करायचो आणि मगच टीव्हीवर चढवायचो. डोळे झाकून.

पुढच्या वर्षी माझी मुलगी आजीला घेऊन यवतमाळला देवी बघायला आली. आईने हात जोडले, मग बाजूला सरकून काच कुठे संपते ते बघितलं. आई जन्मभर काचेच्या दुकानात राहिलेली, तिला कोण फसवणार. परत येताना बसमध्ये तिने विचारलं, "त्या काचीत कोनालेही आनता येते का?"

"व्हिडिओ असला तर येतं."

ती खिडकीबाहेर बघत होती. दारव्हा मागे पडलं होतं. नजर न वळवता म्हणाली, "मंग त्याइले आन एक खेप. मी तोंड पाहीन. मंग ठोक तुहा खिळा."

व्हिडिओ एकच होता. पहिल्या टाळेबंदीत मुलगी कॉलेज बंद म्हणून अमरावतीहून घरी आली होती, तेव्हा तिने आजोबांना काच कापताना टिपलं होतं. तीन मिनिटांचा. बाबा टेबलावर वाकून पट्टी दाबून धरतात, काच कापायची हिरकणी ओढतात, कड टेबलाच्या काठावर घेऊन हलकेच दाबतात आणि काच सरळ रेषेत सुटते. शेवटी वर बघून म्हणतात, "झालं का वं? बंद कर ते." एका कोपऱ्यात मुलगी स्वतःही होती, हसत. स्वतःलाही दिसावं म्हणून तिने मोबाइल पुढच्या कॅमेऱ्यावर ठेवला होता. आता तिने लॅपटॉपवर स्वतःला काढलं, दुकान काढलं, टेबल काढलं. काळ्यात फक्त बाबा उरले. फाइल आली ती मी उघडली, सवयीने उलटी केली आणि कामाला लागलो.

चार दिवस मी दुकान अर्धं बंद ठेवून ते केलं. डेकोरेशनवाल्याकडून पन्नास इंची टीव्ही आणला, म्हणजे कमरेपासून वरचे बाबा जवळजवळ खरे तेवढे दिसतील. काचेमागे त्यांचं खरं टेबल ठेवलं, त्यावर खरी काच, खरी पट्टी. हिरकणीचा आवाज टेबलातूनच यावा म्हणून स्पीकर टेबलाखाली बांधला. पातळ काच एवढ्या मोठ्या मापाची हाताशी नव्हती, म्हणून पाच एमएमची लावली. गुण्याने कोन तपासला, कापडाच्या सुरकुत्या काढल्या, उजेड कमीजास्त करून पाहिला. बाबांचे हात टेबलावर बरोबर टेकतात का तेही पाहिलं. सगळं पाहिलं मी. त्यांच्या चेहऱ्याकडे नजर गेली की मला काहीतरी दुसरं तपासायचं आठवायचं.

भर दुपारी शटर ओढलं, फटींत पोती कोंबली आणि आईला स्टुलावर बसवलं. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मी रिमोट दाबला.

टेबलामागे बाबा उभे होते. खरंच उभे होते. त्यांच्या आरपार मागचं कापड दिसतंय हे मला माहीत होतं म्हणून दिसत होतं. हिरकणीचा कर्र आवाज टेबलातून आला आणि मी दचकलो, स्पीकर मीच बांधलेला असून. आई उठली. जवळ गेली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, आणि बाबा टेबलासकट तिच्याबरोबर जरा जरा फिरल्यासारखे झाले. तिने हात पुढे केला नाही. ती नुसती बघत होती, एखादी फ्रेम सुलटी करून दाखवली की बघावं तसं.

"झालं का वं? बंद कर ते," बाबा म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून वाकले.

"हे ते नोहे," आई म्हणाली.

मी हसलोच जरा. "आई, बाबाच आहेत."

"कोनत्या हातानं कापून राह्यले?"

मी तेव्हा पाहिलं. डाव्या. हिरकणी डाव्या हातात होती. काच उडून फाटलेली भुवई उजवीची डावीकडे गेली होती. भांग उलटा. मुलीच्या मोबाइलने ते आधीच आरशासारखं उलटं टिपलं होतं, काच त्याला सुलटं करणार होती, आणि मी मधे घुसून पुन्हा उलटं केलं होतं. चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर एक परका डावखुरा माणूस बाबांचा सदरा घालून उभा होता आणि मला पत्ता नव्हता.

आई माझ्याकडे वळली. ती रागावली नव्हती, तिचा आवाज अगदी साधा होता. "तिथं यवतमाळले तुले दाखवला, तोही असाच दुसरा कोनी तं नसन? तुनं नीट पाह्यलं होतं ना?"

सांगायला मिनिटभरही लागलं नसतं. हा पुढच्या कॅमेऱ्याचा घोळ आहे, बटण दाबलं की सुलटं होतं, हे घे. मागे तो माणूस पुन्हा काच कापत होता. त्या कर्र आवाजात मला एकदम कळलं की आता जर मी हे बटण दाबलं, तर आई हाव म्हणेल, मी खिळा ठोकेन, आणि ते खोटं कायमचं खिळ्याने बंद होईल.

"नाही पाहिलं," मी म्हटलं. "मी काचेकडे पाहत होतो. तोंड नाही पाहिलं, आई."

"मंग हाव काहून म्हनलं?"

"भ्यालो."

"कोनाले?"

"बाबांना."

मला रडू आलं. लाजेचं होतं ते, दुःखाचं कमी. चाळिशी उलटलेला माणूस मी, शटर ओढलेल्या दुकानात उभा राहून रडलो आणि आईने मला जवळ घेतलं नाही. तिने रिमोट उचलला, चारदोन बटणं चुकीची दाबून अखेर टीव्ही बंद केला. "तुले खिळा ठोकाची घाईच लय," एवढंच म्हणाली.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, रस्त्यापर्यंत जाऊन यायची, जेवायची. मी तेवढ्यात व्हिडिओ सुलटा करून ठेवला होता, पण तिला सांगायची हिंमत नव्हती. नवव्या दिवशी दुपारी ती स्वतःच दुकानात आली. "सुधरवलं का ते?"

मी हो म्हटलं आणि शटर ओढलं. स्टूल पुढे केलं तर ती बसेना.

"मी नाई. तू बस. तू पाह्य."

मी बसलो. ती माझ्या मागे उभी राहिली. तीन मिनिटं असतात किती, ते मला त्या दिवशी कळलं. बाबा उजव्या हाताने कापत होते. कानावरचे केस मला आठवत होते त्यापेक्षा जास्त होते. काचेवरची भुकटी फुंकताना ते डोळे मिटून घेत, हे मी पंचवीस वर्षं शेजारी काम करून कधी पाहिलं नव्हतं. अंगठ्याच्या नखावर काळा डाग होता. आणि पाच एमएमच्या काचेमुळे त्यांच्या मागे, बोटभर वर, आणखी एक फिके बाबा तेच सगळं करत होते. त्या फिक्या बाबांचं तोंड मात्र नीट दिसत नव्हतं. मान वळवावीशी वाटत होती. आईचा हात माझ्या खांद्यावर होता, म्हणून वळवली नाही.

बाबांनी वर पाहिलं. "झालं का वं? बंद कर ते."

मी तोंड उघडलं. हाव, हेच, असं म्हणायचं होतं. आईने खांदा दाबला.

"हे तेच आहे," ती म्हणाली. "मले दिसून राह्यलं. पन त्या थैल्यात कोन होतं ते तुले मालूम नाई न मलेही नाई. ते आता कोनीच सांगू शकत नाई."

"मग खिळा?"

तिने मांडणीवरून फ्रेम उचलली, पदराने काचेवरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली. "लाव भिंतीले. तीनच खिळ्यावर राहू दे."

ती फ्रेम आता गल्ल्याच्या वर टांगलेली आहे. हार नाही. मागे खाकी कागद नाही. चौथ्या बाजूने पुठ्ठा सुटा आहे, त्यामुळे जिनिंगकडे जाणारा कापसाचा ट्रक समोरून गेला की काच चौकटीत खडखडते. गिऱ्हाइकं म्हणतात, भाऊ, एक खिळा मारून टाका ना, तुमच्याच दुकानात असं. मी पट्टी घेऊन त्यांचं माप काढायला लागतो. देवीचं काम मी अजून करतो, पण चालू करण्याआधी एकदा तिच्या तोंडाकडे पाहतो. मंडळवाल्यांना वाटतं मी नमस्कार करतो.

काच खडखडली की आतून आई म्हणते, "पाह्य बरं, कोन आलं."

हातातलं काम टाकून मी उठतो आणि दारात जातो. बहुतेक वेळा ट्रक निघून गेलेला असतो आणि पायरीवर कोणी नसतं. तरी धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहतो. चालत येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड दिसेपर्यंत थांबतो. मग आत येतो.

"पाह्यलं?" आई विचारते.

"हाव," मी म्हणतो. "पाह्यलं."